आदल्या दिवशीचे बटाटे

आईच्या शेगडीला बटणं नव्हती.

पुढच्या पट्टीतून नुसत्या दोन पितळी काड्या बाहेर आलेल्या, आणि त्यातल्या एकीला आई पकडीने धरून पिळत होती. पकड वडिलांची, लाल मुठीची, सायकलची साखळी चढवायची. गॅस भस्सकन पेटला. आईने हात मागे घेतला, भुवईवरून एकदा बोट फिरवून ती शाबूत असल्याची खात्री केली, आणि मला दारात बघून म्हणाली, "आलीस? थांब, चहा टाकते."

"आई, बटणं कुठायत?"

"दादाने नेलीत."

"कशाला?"

"नीट करायला," ती म्हणाली आणि धुतलेलंच भांडं परत धुवायला लागली.

मी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. खोटं बोलणारा माणूस कसा दिसतो ते मला आरशातून बघूनही कळतं. आई खोटं बोलायला लागली की भांडी धुते. वडिलांच्या शेवटच्या आजारात तिने सगळं घर घासून पुसून लख्ख केलं होतं.

"शेगडी चालू आहे ना? मग बटणांना काय धाड भरली होती?"

"मिरचे, आल्या आल्या सुरू होऊ नकोस."

मिरची हे माझं घरातलं नाव. मी काही ते झोपून मिळवलेलं नाही. चहा तसाच ठेवून मी बाहेरच्या खोलीत गेले आणि दादाला फोन लावला.

दादा लिफ्टची तपासणी करतो. मोठमोठ्या इमारतींत जायचं, लिफ्ट वरखाली करून बघायची, जरा काही खुट्ट झालं की आधी किल्ली काढून खिशात घालायची, दाराला 'बंद आहे' अशी पाटी लावायची, आणि मग विचार करायचा. त्याच्या कामात ते बरोबरच आहे. अडकलेल्या लिफ्टमध्ये कुणी पाय घालायला नको. पण माणूस नोकरीवरून घरी येताना बूट काढतो, तशा काही सवयीही दाराशी काढून ठेवाव्यात.

"तू शेगडीची बटणं काढून नेलीस?"

"हो," तो म्हणाला. नुसतं हो. वर एक जांभईसुद्धा दिली असावी.

"का?"

"तुला काहीच माहीत नाही इथे काय चाललंय. मागच्या आठवड्यात आईने तवा गॅसवर ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसली. खालच्या शिंप्याला जळल्याचा वास आला, त्याने मला फोन केला. मी धावत गेलो तेव्हा ही आरामात बाहेर बसलेली आणि आत गॅस चालू. तव्यात काय आहे ते न बघताच मी आधी गॅस बंद केला. घर पेटलं असतं म्हणजे?"

"मग बटणं काढल्यावर ती खाणार काय?"

"आजच्या दिवसाचा डबा सांगितलाय. उद्या सकाळी आम्ही येतोय तिला न्यायला. मागची खोली रिकामी केलीय. तिकडे तिला गॅसला हात लावायची वेळच येणार नाही."

"तिला विचारलंस?"

"अगं, विचारण्यासारखी अवस्था असती तर ही वेळ आली असती का? तू ऐकून तरी घे. एक दिवस किल्ली बाहेरून दारालाच, रात्रभर. आणि फ्रीजमध्ये बटाटे."

"कसले बटाटे?"

"उकडलेले. सालासकट. एका वाडग्यात घालून वर ताटली झाकून ठेवलेले. एकदा नाही, मी गेलो की दर वेळी. उकडते आणि विसरून जाते बिचारी. मी गुपचूप टाकून देतो, तिला वाईट वाटायला नको म्हणून. पुढच्या वेळी परत तेच. मी डॉक्टरशीही बोललोय. तो म्हणाला, असंच सुरू होतं."

मी काही बोलले नाही. मी गप्प बसले की घरातले लोक घाबरतात, पण दादाला वाटलं मला पटलं. "उद्या दहापर्यंत येतो. तिची बॅग भरून ठेव," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी जाऊन फ्रीज उघडला. मधल्या फळीवर काचेचा वाडगा, वर ताटली. ताटलीखाली मध्यम आकाराचे पाच बटाटे, साल कुठेही न फुटलेले, गार. मला बघताक्षणी कळलं. कुणालाही कळलं असतं, ज्याने आयुष्यात एकदा तरी या बाईच्या शेगडीशेजारी उभं राहून बघितलंय त्याला.

आता हे बटाटे काय आहेत ते सांगते, नाहीतर तुम्हीही दादासारखे वाडगा उचलून कचऱ्यात घालाल.

आई एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात सकाळच्या नाश्त्याच्या विभागात होती. तिथला मुख्य आचारी स्वित्झर्लंडमध्ये शिकून आलेला, अत्यंत खडूस माणूस. त्याने तिला तिकडची रोश्टी शिकवली. म्हणजे किसलेल्या बटाट्याची तव्याएवढी गोल चकती, बाहेरून सोनेरी कुरकुरीत, आत मऊ. दिसायला सोपी आणि करायला महाखट. बटाटे आदल्या दिवशी सालासकट उकडायचे, तेही जरा कच्चट ठेवून. सुरी आत जाताना थोडी अडली पाहिजे. मग रात्रभर फ्रीजमध्ये. गार झाला की बटाटा आतून घट्ट होतो, मग किसताना त्याचा लगदा होत नाही, लांबलांब सळ्या पडतात, आणि त्या सळ्यांची लोण्यात जाळी बसते. गरम बटाटा किसलात तर पिठलं हाताला लागेल. त्या आचाऱ्याचं एक वाक्य आई अजून म्हणते, "आज खायचं असेल तर काल आठवायला हवं."

लहानपणी आम्ही त्याला जाळीच म्हणायचो. हे नावही दादानेच ठेवलं. कडेची सगळ्यात कुरकुरीत जाळी तो ओरबाडून घ्यायचा आणि मधला मऊ भाग माझ्या ताटात टाकायचा. आई त्याच्यासाठी कड जास्त व्हावी म्हणून एका मोठीऐवजी छोट्या छोट्या करायला लागली. ही बाई त्याची कड वाढवत बसली आणि हा तिची बटणं काढून नेतो.

मी आत गेले. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. उशीशेजारी तिच्या चांगल्या साड्यांची चळत लागली होती.

"तू जाणार आहेस त्याच्याकडे?"

"तो म्हणतोय ना."

"तुला जायचंय का?"

तिने एक घडी मोडली आणि परत घातली. "मिरचे, मला हल्ली माझाच भरवसा वाटत नाही बघ. तो येणार असला की मी आदल्या दिवशी बटाटे उकडून ठेवते. म्हणजे, ठेवते असं मला वाटतं. सकाळी तो येतो, बसतो, घाईघाईत चहा पितो, जातो. तो गेल्यावर मी फ्रीज उघडते तर बटाटे नाहीतच. वाडगा धुऊन मांडणीवर पालथा. पहिल्यांदा वाटलं, उकडायचं मनात होतं आणि राहून गेलं असेल. दुसऱ्यांदाही तसंच. मग मी घाबरले. कुणाला सांगू? आणि तो इतक्या खात्रीने म्हणतो, आई, तू विसरतेस. मला वाटलं, असेल खरं. आज सकाळी परत उकडलेत. दोनदा उठून फ्रीज उघडून बघितलं, आहेत का म्हणून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे काही मी बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाहीये, मला खरोखर कानामागे गरम लागत होतं. एका माणसाने चांगुलपणाच्या नावाखाली आपल्या आईचे बटाटे टाकले, वाडगा धुऊन पालथा घातला, वर तिलाच सांगितलं की तू विसरतेस. आणि ती, जिने हॉटेलात शेकडो माणसांचा नाश्ता डोक्यात ठेवून काढला, ती स्वतःच्या फ्रीजला घाबरायला लागली.

"आई, ते दादाने टाकले."

"काय?"

"बटाटे. दर वेळी. आत्ता फोनवर त्यानेच सांगितलं. त्याला वाटलं तू उकडून विसरलीस. तुला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप टाकत होता."

आईने हातातली साडी मांडीवर ठेवली. मला वाटलं रडेल. मी रुमालही शोधायला लागले. पण तिने साड्यांची ती सगळी चळत उचलली, कपाटात नेऊन जशीच्या तशी ठेवली आणि कपाटाचं दार असं काही लावलं की वरची रिकामी बॅग खाली पडली.

"म्हणजे मी उकडले होते."

"होय."

"दर वेळी."

"दर वेळी."

"उद्या तू एक शब्द बोलायचा नाहीस," आई म्हणाली. "मी बोलेन."

हे म्हणजे मला शिक्षाच. पण मी कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी दादा आणि वहिनी आले ते दोन मोठ्या बॅगा घेऊन. दादाने आत येताना कुलूप हलवून बघितलं, बिजागरी बघितली, आईच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने, तुटक तुटक विचारलं, "कशी आहेस, आई? झोप लागली?" बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं. आईला ऐकू उत्तम येतं. खाली शिंप्याच्या मशीनची सुई बदलली तरी तिला कळतं.

"लागली," आई म्हणाली. "तू बस."

तो कसला बसतोय. पाणी पितो म्हणून सरळ स्वयंपाकघरात गेला, आणि फ्रीज उघडल्याचा आवाज आला. आई उठली. मी तिच्या मागे. तो पाठमोरा उभा होता, एका हातात वाडगा, दुसऱ्या हातात ताटली, आणि पायाने त्याने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडून धरलं होतं.

"टाक," आई म्हणाली.

तो दचकला. पाय निसटला आणि झाकण खाडकन पडलं.

"टाक ना. नेहमी टाकतोस तसे."

"आई, अगं, हे शिळे आहेत. मी फक्त..."

"कधी उकडलेत?"

"मला काय माहीत?"

"तुला माहीत नाही. मला माहीत आहे. काल सकाळी, मिरची यायच्या आधी. पकडीने गॅस लावून. पण काल मिरचीने सांगेपर्यंत मलाही खात्री नव्हती, कारण आजवर तुझ्यासाठी जेवढ्या वेळा उकडले तेवढ्या वेळा ते तू गेल्यावर नाहीसे झाले. मी फ्रीज उघडून उघडून बघायचे. रात्री पडल्या पडल्या स्वतःला विचारायचे, तू बाजारात गेली होतीस ना, तू भांडं चढवलं होतंस ना. तू मला वेड लावायचं बाकी ठेवलं होतंस."

"माझ्यासाठी?" दादा म्हणाला. एवढ्या सगळ्यातून त्याने तेवढंच ऐकलं.

"मग काय शिंप्यासाठी? तू येणार म्हणून फोन करायचास, मी जाळीचे बटाटे उकडून ठेवायचे."

दादाने वाडग्यात बघितलं. तो जाळी जन्मापासून खात आलाय. ती कुरकुरीत का होते, बटाटा कुठून येतो, कधी उकडतो, हे त्याने एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने जाळी ताटात उगवत होती. मला इतकं बोलायचं होतं की मी ओट्याची कड घट्ट धरून ठेवली.

"बरं, ते बटाट्याचं राहू दे," तो जरा सावरून म्हणाला. "पण गॅस? तवा चालू ठेवून तू बाहेर बसली होतीस, हे मी डोळ्यांनी बघितलंय."

"बटणं कुठायत?"

"आई, तू आधी माझं ऐक."

"बटणं."

दाराशी उभ्या असलेल्या वहिनीने पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेली दोन काळी बटणं काढून आईच्या हातावर ठेवली. "मी यांना म्हटलं होतं, आईंना विचारा तरी," ती हळू आवाजात म्हणाली. वहिनी मला फारशी कधी आवडली नाही, पण त्या दिवशी मी तिचे बरेचसे गुन्हे माफ केले.

आईने बटणं काड्यांवर बसवली. दोन्ही एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली.

"ठीक आहे," दादा हात बांधून म्हणाला. "करून दाखव. मी बघतो."

"दाखवायला नाही करत. भूक लागलीय म्हणून करतेय. तुझ्यासमोर परीक्षा द्यायला मी तुझी लिफ्ट नाही."

इतकं बोलून तिने त्याच्याकडे पाठ फिरवली. सुरीने साल टोकाशी जरा उचललं की सगळा पट्टा निघून येत होता. मोठ्या भोकांची किसणी तिने ताटात उभी धरली आणि बटाटा लांबीत धरून वरून खाली एकाच दिशेने ओढला. खरखर करत लांब सळ्या पडत गेल्या, एक दुसरीला चिकटत नव्हती. मीठ भुरभुरवलं, बोटांच्या टोकांनी उधळल्यासारखं एकदाच हलवलं. लोखंडी जाड तव्यावर थोडं तेल, वर लोण्याचा गोळा. फेस शांत झाल्यावर सगळा कीस पसरला, कालथ्याने कडेकडेने दाबून गोल केला. आज तिने छोट्या छोट्या केल्या नाहीत. एकच मोठी केली. दादाच्या ते लक्षात आलं की नाही देव जाणे, माझ्या आलं.

मग तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि म्हणाली, "चला बाहेर."

"बाहेर कुठे?" दादा म्हणाला.

"बाल्कनीत. इथे उभं राहिलं की हात शिवशिवतो, माणूस ढवळतो, जाळी मोडते. ती बसेपर्यंत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"पण गॅस चालू आहे."

"हो. मग?"

आम्ही चौघं बाल्कनीत जाऊन बसलो. दोन खुर्च्या, एक स्टूल, आणि दादा कठड्याला टेकून. तो दर थोड्या वेळाने मान वळवून आत बघत होता. एकदा तर उठून निघालाच.

"बस," आई म्हणाली.

"जळेल, आई."

"बस म्हणते ना."

तो बसला. लोणी तापल्याचा वास बाहेर आला, मग बटाट्याचा, आणि मग तो तिसरा वास, करपण्याच्या अगदी अलीकडचा. खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली. शिंप्याने डोकं बाहेर काढून वर बघितलं. तोंडात टाचण्या होत्या, त्या काढून तो ओरडला, "मावशी, काही जळतंय का?"

आईने दादाकडे बघितलं. मी दादाकडे बघितलं. वहिनीने बाल्कनीच्या फरशीकडे बघितलं. दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. आदल्या आठवड्यातही हाच वास, हाच शिंपी, हीच बाल्कनी. साप साप म्हणून भुई धोपटणाऱ्या माणसाला खाली दोरी सापडली की तो कसा दिसतो, ते मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं.

"नाही हो काका," शेवटी दादाच खाली वाकून म्हणाला. "जळत नाहीये. होतंय."

"मला काय माहीत," शिंपी म्हणाला. "मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, वास आला की लगेच फोन करा." आणि त्याने टाचण्या परत तोंडात धरल्या.

आई उठून आत गेली. तव्यावर ताट पालथं घातलं, दोन्ही हातांनी धरून एका झटक्यात उलटं केलं. जाळी ताटात आली, वरून मधाच्या रंगाची, कडेला जरा गडद, एकही सळी न तुटलेली. ताटावरून ती परत तव्यात सरकवून आईने दुसरी बाजू भाजली. सुरीने चार भाग करताना असा आवाज आला की बोलणं थांबावं. तिने मला दिला, वहिनीला दिला, स्वतः घेतला. चौथा तव्यातच ठेवला.

दादा उभाच होता.

"आई, किल्लीचं काय?" तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण हा बाबा मागे हटणारा नाही. तपासणीतला शेवटचा रकाना भरल्याशिवाय याला चैन पडत नाही. "ती तर रात्रभर दाराला होती ना?"

"होती," आई म्हणाली. "ते खरं. ते मी विसरले. दोन्ही हातांत पिशव्या होत्या, दार उघडलं, आत आले आणि विसरले. माणूस विसरतं. त्यासाठी दाराला आकडे दाबून उघडणारं, ओढल्यावर आपोआप लागणारं कुलूप बसवून दे, तुझं ते कामच आहे. दाराने गुन्हा केला म्हणून शेगडीला शिक्षा कसली?"

"मला काळजी वाटते गं."

"वाटू दे. काळजी वाटली तर ये, बस, बघ, विचार. वस्तू खिशात घालून जाऊ नकोस. तू माझी बटणं नेलीस त्याचं मला एवढं नाही वाटलं. बटणं पकडीने फिरवता येतात." ती थांबली. "तू माझी खात्री नेलीस. ती कशाने फिरवू?"

दादा खाली बसला, सरळ फरशीवर. रडला वगैरे नाही, आमच्याकडे ती पद्धत नाही. आईने तव्यातला चौथा भाग ताटलीत घालून त्याच्यापुढे सरकवला. त्याने सवयीने कडेची जाळी ओरबाडली, आणि मग ती हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. शब्द दिला होता.

बॅगा जशा आल्या तशा रिकाम्या परत गेल्या. निघताना दादा म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. कुलूप घेऊन येतो."

"ये," आई म्हणाली. "आणि जाळीचे बटाटे तू उकडून आण. शनिवारी उकड, सालासकट, जरा कच्चट. रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. जमेल?"

"त्यात काय न जमण्यासारखं आहे?" दादा म्हणाला.

माझा राग गेला असं कुणी समजू नये. त्या आठवड्यात मी व्हॅन चालवताना सिग्नलला उभ्या असलेल्या निरपराध माणसांवर हॉर्न वाजवले. आई मात्र फोनवर ठीक वाटत होती. बुधवारी म्हणाली, फ्रीज आता एकदाच उघडून बघते. शुक्रवारी म्हणाली, उघडून बघायची आठवणच राहिली नाही, आणि स्वतःच हसली.

रविवारी मी आधी पोचले. आईने तवा घासून ठेवला होता, लोणी काढून ठेवलं होतं, किसणी ताटात उभी होती. दादा अकराच्या सुमारास आला, एकटाच, वहिनी माहेरी गेलेली. हातात नवं कुलूप, स्क्रू, ड्रिल मशीन, सगळी तयारी. बूट काढले, पेटी ठेवली, कपाळ पुसलं.

"बटाटे?" आईने विचारलं.

दादा आईकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मग पेटीत बघितलं, जणू तिथे स्क्रूंच्या खाली असतील.

"शनिवारी साइटवरून यायला उशीर झाला," तो म्हणाला. "मग... विसरलो."

आईने किसणी उचलून जागेवर टांगली आणि ब्रेड कापायला घेतला. "असू दे," ती पाठमोरीच म्हणाली. "माणूस विसरतं."

मागच्या रविवारचा माझा शब्द आता संपला होता. मी उठले, दादासमोर जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला.

"काय?"

"गाडीची किल्ली."

"कशाला?"

"तू विसरतोस," मी म्हटलं. जमेल तितक्या प्रेमळ आवाजात, मोठ्याने आणि तुटक तुटक. "आज बटाटे विसरलास, उद्या ब्रेक विसरशील. मला काळजी वाटते. इकडे दे, माझ्याकडे सुरक्षित राहील."

"मिरचे, चेष्टा पुरे."

"मी चेष्टा करत नाहीये."

त्याने आईकडे बघितलं. लहानपणी मी त्याला मारायला धावले की तो असाच आईकडे बघायचा, आणि दर वेळी ती मलाच ओरडायची. आईने ब्रेड कापणं थांबवलं. सुरी खाली ठेवली.

"दे तिला," ती म्हणाली.

मी किल्ली घेतली आणि शेगडीच्या वरच्या खुंटीला, किसणीशेजारी टांगली. दादाने कुलूप बसवलं. चांगलं बसवलं, ओढलं की खट्ट लागत होतं. मग आम्ही तिघांनी ब्रेड आणि लोणी खाल्लं. त्याने दोन-तीनदा खुंटीकडे बघितलं, पण मागितली नाही.

संध्याकाळी तो बसने घरी गेला. शनिवारी दुपारी त्याचा मला फोन आला. मागे भांड्यात काहीतरी खदखदत होतं. तो विचारत होता, सुरी अडली पाहिजे म्हणजे नक्की किती अडली पाहिजे.

"आईला विचार," मी म्हटलं आणि फोन ठेवला.